किमान वेतनाची कुळकथा

किमान वेतनाचा कायदा म्हटला म्हणजे आमच्या सांगली-साताऱ्याकडील व्यापारी व कारखानदार मंडळींच्या डोळ्यांपुढे दोन वस्तू उभ्या राहतात. एक तपासणीस आलेला सरकारी अधिकारी आणि दुसरी त्याला दाखवावयाची वही. मजुरांची समजूत याहून फारशी निराळी नाही. त्यांच्या लेखी हा एक सरकारी भाव. धान्याचा असतो तसा, कागदावर असलेला आणि बाजारात न सापडणारा. हा कायदा दिल्लीहून एके दिवशी खाली उतरला, त्याच्याशी आपल्या मातीचा काही संबंध नाही, असे दोघेही धरून चालतात. आमचे म्हणणे असे की, या कायद्याची कुळकथा शोधू गेल्यास तिचे एक मूळ थेट माण-खटावच्या दुष्काळी कामांवर जाऊन पोहोचते. ती कथा आज सांगावयाची आहे.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. आमचे शाळेतील शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि जुने अहवाल चाळता चाळता. तेव्हा विद्वान श्रोत्यांना यात काही उणे दिसल्यास तो दोष आमचा समजावा, मजुरांच्या बाजूचा समजू नये.

१८७६-७७ चा दुष्काळ दक्षिणेत फार मोठा झाला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर, कलादगी हे जिल्हे त्यात होरपळले. सरकारने तलाव, रस्ते, खडी फोडणे अशी कामे काढली आणि लगेच प्रश्न उभा राहिला, की या माणसांना मजुरी द्यावयाची किती? बाजारभावाने द्यावी तर बाजारात काम नाही, म्हणून भावही नाही. तेव्हा हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी भागांत पाठविले. या गृहस्थांवर तीनच वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने खर्च केल्याचा ठपका आलेला होता. या खेपेस त्यांनी तो धुऊन काढावयाचे ठरविले असावे. पुरुष मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्याइतके पैसे आणि वर अर्धा आणा, एवढ्यात माणूस काम करून जगू शकतो, असा हिशेब त्यांनी मांडला. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम. इंग्रजी अमदानीच्या कागदोपत्री या मजुरीला टेंपल यांचेच नाव चिकटले आहे.

मद्रासेतील आरोग्य खात्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यावर जोराचा आक्षेप घेतला. माणूस खडी फोडीत असेल तर त्याला नुसता बसून राहणाऱ्यापेक्षा जास्त खावयास लागते, हे त्यांनी वैद्यकाच्या आधारे सांगितले. मुंबई इलाख्यात हा हिशेब लागू होऊ लागला तेव्हा हजारो मजूर कामे टाकून निघून गेले. पोटाला नाही आणि तरीही माणसे काम सोडून जातात, हे पाहून साहेब लोक चकित झाले. आमच्या मते आपल्या इलाख्यातील मजुरीच्या प्रश्नावरचा पहिला मोठा संप गिरणीत नव्हे, दुष्काळी कामावर झाला. त्याला पुढारी नव्हता, पावतीपुस्तक नव्हते. त्यांची बाजू सरकारपुढे मांडण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने पत्रांमागून पत्रे लिहून केले. त्या सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे मूळ साताऱ्यात जन्मलेले, हे येथे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.

आता चोवीस वर्षे पुढे येऊ. छपन्नाचा दुष्काळ सरला तरी दक्षिणेत त्याचा मागमूस राहिला होता. खटाव तालुक्यात गोरेगाव येथे सरकारने दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलावाचे काम काढले होते. त्या कामावर एक निवृत्त सुभेदार खजिनदार म्हणून नोकरीस होते. त्यांची मुले साताऱ्यास राहत होती. धाकट्याचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले होते. १९०१ च्या उन्हाळ्यात ही मुले वडिलांना भेटावयास निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तेथे त्यांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना, ही हकीगत त्या धाकट्या मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. सुभेदार म्हणजे रामजी सकपाळ आणि मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या प्रवासातील अपमानाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. वडील तेथे कशाचे पैसे मोजीत होते, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते दुष्काळी मजुरीचे पैसे होते. याच मुलाने ११ एप्रिल १९४६ रोजी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. वडिलांच्या नोकरीचा या विधेयकाशी कार्यकारणसंबंध होता असा आमचा दावा नाही. परंतु साताऱ्यात राहून किमान वेतनावर बोलावयाचे आणि ही गोष्ट सांगावयाची नाही, हे आमच्याने होणार नाही.

मधल्या पंचेचाळीस वर्षांत काय झाले ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे खेड्यात मजुरी ही पैशात मोजण्याची वस्तूच नव्हती. बलुतेदाराला सुगीला पेंढ्या मिळत, सालगड्याला वर्षाचे धान्य, घोंगडे आणि पायताण ठरे, बायांना काढणीच्या वेळी ओंजळीने मिळे. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या सातारकर-रत्नागिरीकरांना पैशात पगार मिळू लागला, पण तो कधी मिळेल याचा भरवसा नसे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज केला त्यातील मागण्या वाचून पाहा. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पगार अमुक इतका हवा असे त्यांनी म्हटले नाही. ज्याचा पगार दोन-दोन महिने अडकून पडतो तो आधी तारीख मागतो. पुढे १९३६ साली पगार वाटपाचा कायदा झाला. त्यानेही तारीख आणि कपात एवढ्याच गोष्टी बांधून दिल्या. रकमेला हात लावला नाही.

रकमेला हात घालण्याचे धाडस प्रथम न्यूझीलंडने १८९४ साली लवादाच्या मार्गाने केले, मग १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने, आणि १९०९ मध्ये इंग्लंडने. इंग्लंडातील एक हकीगत आम्हाला मोठी बोधप्रद वाटते. तेथे क्रॅडली हीथ या गावी बाया घरोघरी भट्टी पेटवून लोखंडी साखळ्या ठोकीत. १९१० साली त्यांच्यासाठी ताशी अडीच पेन्स दर ठरला. तेव्हा मालकांनी काय करावे? आम्हाला हा दर नको, जुन्यावरच आम्ही खूष आहोत, अशा मजकुराच्या कागदांवर त्यांनी त्या बायांच्या सह्या घेतल्या. कित्येकींना वाचता येत नव्हते. मेरी मॅकार्थर या बाईंनी त्यांना संघटित केले, दहा आठवडे काम बंद राहिले आणि दर मिळाला. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे आमच्याच जिल्ह्यात तिची गाठ पडणार आहे.

१९२८ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने किमान वेतन ठरविण्याची यंत्रणा असावी असा ठराव केला. त्यानंतर रॉयल कमिशन झाले, समित्या झाल्या, आणि अखेरीस ते विधेयक आले. बाबासाहेब त्याच वर्षी पदावरून दूर झाले; कायदा संमत झाला तो स्वतंत्र हिंदुस्थानात, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. तो १५ मार्च १९४८ रोजी अंमलात आला. या तारखेच्या बरोबर एक आठवडा आधी, ८ मार्च १९४८ रोजी, सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली होती. संस्थानात ब्रिटिश मुलुखाचे मजूर कायदे आपोआप लागू होत नसत. संस्थानिक उदार असला तर कामगार सुखी, नसला तर त्याचे नशीब. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. पण प्रत्येक वखारीवर असा मालक नसतो. सांगलीच्या हळदीच्या पेठेतील पाखडणाऱ्या-निवडणाऱ्या बायांना कायद्याच्या दृष्टीने नागरिकत्व मिळाले ते त्या मार्च महिन्यात, आणि त्याची वर्दी त्यांना कोणी दिली नाही.

या कायद्याची एक खुबी नीट समजून घेतली पाहिजे. जेथे संघटना बळकट आहे तेथे कामगार करार करून घेतो. त्याला या कायद्याची गरज पडत नाही. जेथे संघटना होऊच शकत नाही, माणसे विखुरलेली, अडलेली, बहुधा अक्षरशत्रू, तेथे सरकारने तळ बांधून द्यावा, हा त्याचा हेतू. म्हणून मूळ अनुसूचीत कापडगिरण्या नव्हत्या. तिच्यात गालिचे विणणे होते, भात-पीठ-डाळीच्या गिरण्या होत्या, तंबाखू व विडी, मळे, तेलाच्या गिरण्या, नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था, रस्ते-इमारतींची कामे, खडी फोडणे, लाख, अभ्रक, मोटारवाहतूक आणि कातडी कमावणे. हे बारा धंदे पहिल्या भागात आणि दुसऱ्या भागात एकटी शेती.

शेतीचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. कायद्याने शेतमजुरीचे दर तीन वर्षांच्या आत ठरवावयाचे होते. ती मुदत वाढविण्यात आली. पुन्हा वाढविण्यात आली. १९५७ च्या दुरुस्तीने ती १९५९ च्या अखेरपर्यंत नेली आणि १९६१ मध्ये मुदतीची अटच काढून टाकण्यात आली. धावणाऱ्याला अंतर कापवत नाही म्हणून वेशच पुढे सरकवीत नेण्यासारखा हा प्रकार झाला. विधिमंडळात जे बसले होते त्यांतील बहुतेकांच्या शेतावर सालगडी होते, ही गोष्ट कोणी उघड बोलत नसे, पण खेड्यातील पोरासही ती ठाऊक होती.

दर ठरवावयाचा म्हणजे कशाच्या आधारावर? टेंपलसाहेबांच्या पौंडाला उत्तर मिळण्यास ऐंशी वर्षे लागली. १९५७ च्या जुलैत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक व कामगार या तिघांनी मिळून मोजमाप ठरविले. कमावणाऱ्यामागे कुटुंबात तीन खाणारी माणसे धरावीत, प्रत्येकी डॉ. आयक्रॉइड यांच्या मोजणीप्रमाणे सत्तावीसशे उष्मांकांचे अन्न. चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी बहात्तर वार कापड. सरकारी घरयोजनेतील किमान भाड्याइतके घरभाडे. आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. पौंडभर ज्वारीत दीड हजाराच्या आसपास उष्मांक भरतात, हे मनाशी धरले म्हणजे मधल्या ऐंशी वर्षांचे मोल कळते. या मोजमापात मुलांची शाळा, औषधपाणी, लग्नकार्य यांना जागा नव्हती. ती १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात पंचवीस टक्के जास्तीचे धरून करून दिली. प्रत्यक्ष अधिसूचनांतील दर या मोजमापास सर्वत्र पोहोचले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

मालकांचा सनातन आक्षेप असा, की एवढे दिले तर धंदा बुडेल. या आक्षेपाचा निकाल न्यायालयाने १९५४ मध्ये अजमेरच्या एका गिरणीच्या खटल्यात आणि १९५७ मध्ये क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात लावून टाकला आहे. जो धंदा किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालण्याचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ. आम्हाला यात कठोरपणा दिसत नाही. कच्चा माल परवडत नाही म्हणून कोणी गुळाचा व्यापारी शेतकऱ्याची ढेप अर्ध्या दामात उचलून नेत नाही; नेली तर त्याला काय म्हणतात ते पेठेत सर्वांस ठाऊक आहे.

दुष्काळी कामाचा धागा येथे पुन्हा हाती येतो, आणि तोही आमच्याच जिल्ह्यात. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना प्रथम तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास करून पाहण्यात आली. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेली. आमच्या घरची मंडळी त्यांत होती. आम्ही तेव्हा आईच्या पाठीला होतो; सुकडीची चव आठवते म्हणतो ती ऐकीव आठवण. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. शेतमजुरांचे किमान वेतन ठरविण्यासाठी १९७३ मध्ये जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षही पागेच होते. काम देणे आणि कामाचा दाम ठरविणे ही एकाच औताची दोन चाके आहेत, हे त्यांना कळत होते.

तथापि सरकारी कामावर तरी किमान वेतन द्यावेच लागते काय? हा वाद राजस्थानातून सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे रस्त्याच्या दुष्काळी कामावर मजुरांना टोळीच्या कामाचे मोजमाप करून कमी पैसे दिले जात आणि तसे करण्याची मुभा राज्याने कायदा करून घेतली होती. न्यायालयाने जानेवारी १९८३ मध्ये निकाल दिला: दुष्काळात मदत म्हणून काम दिले असले तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, कारण कमी देणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठ होय. त्याच्या चारच महिने आधी, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवतींनी हेच तत्त्व सांगितले होते. भूक हीही एक सक्ती आहे, हा त्याचा गाभा. टेंपलसाहेबांचा पौंड कायद्याने रद्द झाला तो त्या दिवशी, एकशे सहा वर्षांनी.

हे सारे पुस्तकात वाचून कळते. आम्हाला ते कळले ते चूक करून. १९९८ च्या सुमाराची गोष्ट. सातारा जिल्ह्यात डोंगराच्या कडेला एक खडीचे केंद्र होते. मालकाचे नाव घेण्याचे कारण नाही. नवराबायको मिळून दगड फोडीत आणि ब्रासवर पैसे घेत. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पण ते मोजणारा मुकादम मालकाचा, आणि त्याच्या पेटीचा तळ कसा बसविला होता ते त्यालाच ठाऊक. यंत्र बंद पडले, डिझेल आले नाही, की दिवस वाया. त्याचे काही नाही. आम्ही संघटना बांधली, आठ दिवस काम बंद ठेवले आणि मालक दर वाढविण्यास तयार झाला. मुद्रांकावर करार झाला. हा दर आम्हास राजीखुशीने मान्य आहे, याबाबत पुढे कोणतीही तक्रार करणार नाही, असे त्यात लिहिले होते. साऱ्यांनी अंगठे उठविले. साक्षीदार म्हणून आमची सही. आम्ही गुलाल लावून घरी आलो.

तीन महिन्यांनी त्या कराराची प्रत घेऊन आम्ही दुसऱ्या एका कामासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो होतो. त्यांनी कागद वाचला, खडी फोडण्याच्या धंद्याची अधिसूचना काढली, पेन्सिलीने गुणाकार केला आणि कागद आमच्याकडे फिरवला. वाढवून घेतलेल्या दरानेसुद्धा दिवसभराच्या कामाचे पैसे किमान वेतनाच्या खालीच पडत होते. तुम्ही याच्यावर सही का केलीत, एवढेच त्यांनी विचारले. क्रॅडली हीथच्या मालकांनी बायांकडून जो कागद लिहून घेतला तोच आम्ही, कामगारांचे पुढारी म्हणविणारे, आमच्या हाताने लिहून घेऊन आलो होतो. कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे असा करार निरर्थक असतो. म्हणून मजुरांचा हक्क बुडाला नाही. परंतु विसाव्या कलमाखाली दावा करण्यास सहा महिन्यांची मुदत होती. आम्ही दावा केला तो मागील सहा महिन्यांपुरता. योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो अशी तरतूद त्याच कलमात होती, ती आम्ही वाचली नव्हती. तसा अर्ज केलाच नाही. मालकाने हजेरीपत्रक आणले त्यात निम्मे दिवस अर्ध्या हजेरीचे. त्याच्या आधीच्या वर्षांचे पैसे कोणालाच मिळाले नाहीत. एक म्हातारी बाई चार वर्षे तेथे होती. पैसे वाटताना तिने विचारले, "भाऊ, आधीची साडेतीन वर्षं कुठं गेली?" आम्ही काही उत्तर दिल्याचे आठवत नाही.

आता मालकाने करावयाचे काय ते सांगू. आम्हाला भेटणाऱ्या मालकांत लबाड थोडे आणि गोंधळलेले अधिक असतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पहिला गोंधळ आकड्याचा. किमान वेतन हा एक आकडा नव्हे. धंदा कोणता, काम कुशल की अर्धकुशल की अकुशल, आणि गाव कोणत्या परिमंडळात, यावर मूळ दर ठरत आला. महानगरपालिकेत एक, लहान गावात दुसरा. त्यावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता, आणि तो महाराष्ट्रात वर्षातून दोनदा बदलत आला आहे. आमचा अनुभव असा, की दर बुडविला जातो त्याहून भत्ता विसरला जातो अधिक. पाच वर्षांपूर्वीचा आकडा भिंतीवर लावून मालक निश्चिंत असतो. दुसरा गोंधळ उक्त्या कामाचा. उक्ते दिले म्हणजे कायदा सुटला असे पुष्कळांना वाटते. कामाचे माप कसेही असो, पूर्ण दिवस राबलेल्या माणसाला दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी पडता कामा नये. तिसरा गोंधळ ठेकेदाराचा. ठेकेदाराने दिले नाही तर ते मूळ मालकाच्या मानेवर येते. आणि बाईला पुरुषापेक्षा कमी दर हा १९७६ पासून बेकायदा आहे. द्राक्षबागांकडे फेरी मारली तर हे साल अजून तिकडे उजाडावयाचे आहे असे वाटेल. ऊसतोडणीच्या टोळ्या, त्यांची उचल आणि कोयत्याचा हिशेब हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, म्हणून त्यास येथे हात घालीत नाही. हमालांचा प्रश्न तर १९६९ च्या माथाडी कायद्याने निराळ्याच वाटेने सोडविला, आणि ती वाट पाडणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले.

राहिला प्रश्न वह्यांचा. हजेरीपत्रक, पगारपत्रक, जादा कामाची नोंद आणि मजुराच्या हातात पगाराची चिठ्ठी. मालकांना हा जाच वाटतो. आम्ही त्यांना सांगतो, की वही ही तुमचीच ढाल आहे. आणि आता तर ते शब्दशः खरे झाले आहे. १९४८ चा कायदा आता राहिला नाही. त्याची जागा वेतन संहितेने घेतली. ती संमत झाली २०१९ मध्ये आणि अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. तिच्यात पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर टाकला आहे. ज्याच्याजवळ चिठ्ठी नाही, नोंद नाही, तो दिले असूनही हरेल. अनुसूची गेली, आता किमान वेतन सर्वच धंद्यांना लागू आहे. केंद्र सरकारने तळाचा दर ठरवावयाचा आणि राज्याने त्याच्या खाली जावयाचे नाही, अशी योजना आहे. मासिक पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत, जादा कामाला किमान दुप्पट दर. लोखंड्यांची पंधरा तारीख सातवर आली. कमी देणाऱ्यास पन्नास हजारांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंडाची मजल पाचशे रुपयांवर थांबत होती. बुडालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद मात्र जुनीच आहे. पाचांपर्यंत माणसे शेतीला किंवा घरकामाला ठेवणाऱ्यास वह्यांतून सूट आहे, पण पैसे दिल्याचा पुरावा मागितल्यावर दाखवावा लागतो. दुसरीकडे, तपासणीस हा आता सुलभकर्ताही झाला आहे. खटला भरण्याआधी त्याने मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी द्यावयाची असते. ही संधी प्रामाणिक माणसाच्या उपयोगी पडेल, आणि लबाडाच्याही. ती कोणाच्या अधिक उपयोगी पडते ते आम्ही पाहत आहोत.

आणि दाव्याची मुदत तीन वर्षे झाली. नोंदलेल्या कामगार संघटनेलाही दावा करता येतो. हे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा खडी केंद्रावरील त्या बाईची आठवण होणे साहजिक होते. तिच्या साडेतीन वर्षांतील बरीचशी यात बसली असती.

लबाडीनेही काळाप्रमाणे वेष पालटला आहे. पूर्वी दोन वह्या असत, एक अधिकाऱ्याची आणि एक खरी. आता पगार बँकेत पूर्ण जमा होतो, पासबुकात बिनचूक दिसतो. मजुराचे कार्ड मात्र ठेकेदाराच्या खिशात असते आणि निम्मी रक्कम त्याच दिवशी यंत्रातून परत निघते. अंगठ्याची जागा चार आकड्यांनी घेतली एवढेच. यावर वही तपासून उपयोग नाही. मजुराशी, ठेकेदाराच्या माघारी, त्याच्या भाषेत बोलावे लागते.

भाषेवरून आठवले. गेल्या हिवाळ्यात कुपवाडच्या वसाहतीतील एका लहान कारखानदाराने आम्हाला आपण होऊन बोलावले. नवा कायदा आला आहे, आमचे काही चुकत असेल तर सांगा, म्हणाला. असा निरोप आम्हाला पंचवीस-तीस वर्षांत फार वेळा आलेला नाही. वह्या पाहिल्या, दोन माणसांची श्रेणी चुकली होती आणि भत्ता एका सहामाहीने मागे होता. त्याने फरक काढून दिला. दारावर दराचा फलक होता तो इंग्रजीत, सुबक छापलेला. आत काम करणारे निम्मे जत तालुक्यातले कानडी बोलणारे आणि निम्मे बिहारकडचे. फलक बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावा लागतो, असे आम्ही म्हटले. तेव्हा त्याने खडू आणि फळा मागविला. मराठी आम्ही लिहिले, हिंदी त्याच्या कारकुनाने, आणि कानडी लिहावयास जतच्या एका पोराला यंत्रावरून उठविले. त्याने लिहिता लिहिता आकडा मोठ्याने वाचला, आणि मागची यंत्रे एकेक करून थांबली.